म्हाताऱ्या हॅमस्टरची आठवण जपायची आहे : ठसा, केस, आवाज, नोंदी. आत्ता काय करावं, नंतर काय?

गालपिशवी (धागाकर्ती)

सीरियन हॅमस्टर, मादी, सव्वादोन वर्षांची. दोन महिन्यांत वजन १५२ ग्रॅमवरून १३४ वर उतरलंय, पाठीला बाक आलाय, कमरेवरचे केस विरळ झालेत. चाकावर चढते, पण पाच मिनिटांत उतरते. व्हेटच्या तपासणीत दुखणं असं काही निघालं नाही. वय झालंय, एवढंच.

तिची आठवण नीट जपायची आहे. फोनमध्ये फोटो ढीगभर आहेत, पण बहुतेक झोपलेल्या गोळ्याचे. विचारायचंय ते असं : पंजाचा ठसा जिवंतपणी घ्यावा की नंतर, आणि कशात? केसांची बट टिकते का, रेझिनमध्ये (ओतल्यावर कडक होणाऱ्या पारदर्शक रसायनात) घालावी का? नंतर करताच येणार नाही असं काय आहे, जे आत्ताच उरकायला हवं? आणि ती वेळ आली की पहिल्या दिवशी कशाच्या आधी काय करायचं? घरात सात वर्षांचं मूल आहे, तेही यात असणार. धीराचे शब्द नकोत, कृती सांगा.

---

चाकाची_घरघर

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घाई तिथे आहे. ठसा नंतरही मिळतो, केसही मिळतात. आवाज मिळत नाही. आणि हॅमस्टर गेल्यावर घरात सगळ्यात आधी जाणवते ती रात्रीची शांतता.

चाक अजून पाच मिनिटं फिरतंय ना? मग आज रात्रीच रेकॉर्ड करा. फोन पिंजऱ्याच्याच टेबलावर थेट ठेवू नका, टेबलाची थरथर माइकमध्ये घुसते आणि नुसती घूं घूं ऐकू येते. टॉवेलची चौपदरी घडी करून तिच्यावर फोन ठेवा, चाकापासून वीस-तीस सेंमीवर. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये 'नॉइज रिडक्शन' असेल तर बंद करा. हे विसरलात तर सगळं फुकट जातं, कारण चाकाची एकसुरी घरघर म्हणजे फोनच्या लेखी पंख्यासारखाच नकोसा आवाज, तो ती गाळून टाकतो. फाइल शक्यतो वेव्हमध्ये (WAV, आवाज न दाबता साठवणारा प्रकार) ठेवा. चाकाखेरीज बाटलीच्या गोळीची टकटक, बी फोडताना दातांचा आवाज आणि बेडिंग उकरण्याची खसखस, हे तिन्ही हवेत. प्रत्येकी दोन मिनिटं पुरेत.

व्हिडिओ : वरून नको, तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून. फ्लॅश बंद. मंद लाल दिवा लावलात तर ती फारशी बिचकत नाही, या प्राण्यांना लाल प्रकाश जवळपास दिसत नाही. रंग मात्र खरे येणार नाहीत, म्हणून केसांचा रंग दाखवणारे दोन-तीन फोटो दिवसा, खिडकीजवळच्या मऊ उजेडात काढा. ती आपणहून जागी होईल तेव्हाच, उठवून नाही.

आणखी एक संच करून ठेवा, जो सहसा कोणी करत नाही : शेजारी पट्टी ठेवून डावीकडून, उजवीकडून, समोरून आणि वरून एकेक फोटो. पुढे कोणाकडून चित्र किंवा लोकरीची छोटी प्रतिकृती करून घ्यायची झाली तर मापाचा हाच आधार असतो. सीरियनच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथीचे काळसर ठिपके असतात, केस विरळ झाल्यामुळे आता ते स्पष्ट दिसत असतील. त्यांचाही जवळून फोटो घ्या. (ड्वार्फ जातींत हीच ग्रंथी पोटावर मध्यभागी असते.)

अवांतर : दोन महिन्यांत बारा टक्के वजन उतरलंय. आता आठवड्याला नको, दोन दिवसांआड वजन करा, एक ग्रॅमचा फरक दाखवणाऱ्या काट्यावर, दर खेपेला त्याच वेळी. गालात साठवण असेल तर काटा सहज पाच-सात ग्रॅम जास्त दाखवतो, ते पाहून हायसं वाटून घेऊ नका. चाक पिंजऱ्याच्या तळाच्या पातळीवर खाली आणा, पाण्याची बाटलीही तशीच, म्हणजे चढावं लागणार नाही.

---

मातीकाम

ठशाबद्दल. जिवंतपणी कागदावर, नंतर मातीत. याच्या उलट करू नका.

जिवंत हॅमस्टरला धरून पंजा मातीत दाबायचा म्हणजे म्हाताऱ्या हृदयावर ताण. ती झटका देते, ठसा फरपटतो, आणि चावली तर तो तिचा दोष नाही. शिवाय मिठाच्या कणकेत ठसा घेतला तर ती पंजा चाटून मीठ पोटात घेते. पॉलिमर क्ले (ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लास्टिकची माती) कच्ची असताना तिच्यातली मऊपणा आणणारी रसायनं कातडीला लागतात, तेही जिवंत प्राण्याला नको.

कागदाची रीत : साधारण ६० सेंमी लांब आणि १० सेंमी रुंद पट्टी कापा. कागद गुळगुळीत आणि जाडसर, १२० ते १६० जीएसएम. जलरंगाचा खरबरीत कागद घेतलात तर रंग पसरतो आणि बोटं एकमेकांत मिसळतात. दोन्ही बाजूंना पुस्तकं उभी करून बोळ करा. तोंडाशी डबीच्या झाकणात चौपदरी टिश्यू ठेवा, त्यावर पाण्यात कालवलेला खायचा रंग, टिश्यू ओलसर होईल एवढाच. दाबल्यावर वर पाणी साचलं तर जास्त झालं. शेवटी तिच्या आवडीचं बी. ती टिश्यूवरून चालत बोळातून जाते. पहिली दोन-तीन पावलं म्हणजे नुसते डाग पडतात, कामाचे ठसे चौथ्या-पाचव्या पावलापासून पुढे. म्हणूनच पट्टी लांब हवी. एका बैठकीत दोन पट्ट्या, बास. नंतर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पंजे टिपा. अंघोळ अजिबात नाही, केसांवरचं तेल जातं आणि एवढ्याशा जिवाला थंडी भरते. स्टॅम्प पॅडची पक्की शाई वापरू नका, ती पंजे चाटणारच आहे.

पुढच्या पंजाला चार बोटं दिसतात (अंगठा नावापुरता), मागच्याला पाच. ठसा कुठला ते यावरून कळतं, पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. आणि हे महत्त्वाचं : खायचा रंग उजेडात उडतो. पट्टी ६०० डीपीआयला स्कॅन करा, फ्रेममध्ये स्कॅनची छपाई लावा, मूळ पट्टी अंधारात, पाकिटात.

मातीचा ठसा नंतर. पंजा जेमतेम सेंटिमीटरभर, त्यामुळे मातीचा पोत जितका बारीक तितकं बरं. माझी पसंती पॉलिमर क्ले. एअर ड्राय क्ले वाळताना आकसते आणि एवढ्या लहान ठशात ते डोळ्याला कळतं. मिठाची कणीक सगळ्यात वाईट : दमट हवेत मीठ पाणी ओढतं, वर्षभरात ठसा मऊ पडतो किंवा त्याला बुरशी येते. वॉर्निश फक्त पुढून मारलं तर पाणी मागून शिरतं.

क्लेची चकती ४-५ सेंमी व्यासाची, ६ ते ८ मिमी जाड. पंजाला कोरड्या ब्रशने किंचित टाल्कम पावडर लावा, जास्त झाली तर गाद्यांच्या रेषा बुजतात. पंजा चकतीवर ठेवून पेन्सिलीच्या मागच्या रबराने आधी तळव्यावर, मग एकेका बोटावर हलकं दाबा आणि सरळ वर उचला. मृत्यूनंतर काही तासांत अंग ताठरतं आणि बोटं आखडतात. त्याआधी जमलं तर उत्तम, नाही तर ताठरपणा उतरेपर्यंत थांबा, तोवर फ्रिजमध्ये; थंडीत तो हळू उतरतो, काही दिवसही लागू शकतात. ताठरलेली बोटं जबरीने उघडू नका, मोडतात. क्ले पाकिटावरच्या तापमानालाच भाजा. 'जरा जास्त ठेवू' म्हणालात तर ती करपते आणि झोंबणारा धूर सोडते. घरात दुसरा प्राणी असेल तर त्याला आधी दुसऱ्या खोलीत न्या.

---

भुसा_बदला

पहिल्या दिवसाचं मी सांगते. सगळ्यात आधी : गेली आहे की गारठून निपचित पडली आहे, याची खात्री.

खोली फार थंड झाली, उजेड कमी आणि खाणंही कमी पडलं तर सीरियन हॅमस्टर शीतनिद्रेत जाऊ शकते. अंग थंड, गोळा झालेली, हलवलं तरी प्रतिसाद नाही, श्वास मिनिटाला एखादा किंवा तोही नाही. बघणाऱ्याला मेलेलीच वाटते आणि जिवंत पुरली जाण्याची चूक इथेच होते. म्हणून खोली २० ते २२ अंशांवर आणा, तिला ओंजळीत किंवा मऊ फडक्यात धरा, मिशांकडे आणि छातीकडे टक लावून बघा. मिशा आधी हलतात. अर्ध्या तासात काही दिसलं नाही म्हणून सोडू नका, पूर्ण जागं व्हायला दोन-तीन तास लागतात. गरम पाण्याची पिशवी अंगाला थेट नको. तोंडात पाणीही घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. खात्री कशाने पटते? अंग आधी ताठ आणि मग पुन्हा सैल पडलं, डोळे खोल जाऊन निस्तेज झाले, ऊब देऊनही शरीर स्वतःहून तापत नाही. शंका असेल तर व्हेटकडे न्या, ते हृदयाचे ठोके ऐकून सांगतील. तुमच्या हॅमस्टरच्या बाबतीत खोली उबदार असेल तर ही शक्यता कमीच, पण दोन-तीन तास थांबल्याने काही बिघडत नाही.

मग ठरवा : मृत्यूचं कारण कळायला हवंय का? हवं असेल तर शरीर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की पेशींत बर्फाचे स्फटिक होतात, त्या फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं उरत नाही. शवविच्छेदन चोवीस तासांत व्हावं. कारण नको असेल आणि पुरायला दोन-चार दिवस लागणार असतील, तर फ्रीझर चालेल. दोन्ही वेळा आधी टिश्यूत गुंडाळा, मग घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, मग डब्यात, आणि डब्यावर चिठ्ठी. ठसा आणि केस फ्रीझरच्या आधी घ्या.

हात लावताना हातमोजे, नंतर साबण. हॅमस्टरकडून साल्मोनेला, गजकर्णाची बुरशी आणि एलसीएम नावाचा विषाणू माणसाला येऊ शकतो. गर्भवती किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या कुणी हे काम करूच नये, पिंजऱ्याची सफाईही नाही.

पुरायचं तर किमान ६० सेंमी खोल, वर सपाट दगड, विहीर-ओहोळापासून लांब, जागा स्वतःची किंवा परवानगीची. सुती फडकं आणि पुठ्ठ्याची पेटी. प्लास्टिकचा डबा नको : आत हवा आणि मातीतले जीव पोचत नाहीत, शरीर मातीत मिसळत नाही, नुसतं सडतं. कुंडीचा विचार असेल तर ती किमान ४० सेंमी खोल, घराबाहेर, आणि पाण्याचा निचरा चांगला. माती पाणथळ राहिली की वास सुटतो. वर्षभर त्या कुंडीला खुरपं लावायचं नाही.

व्हेटकडे इंजेक्शन देऊन शांत केलं असेल तर एक गोष्ट विचारून घ्या : औषध पेंटोबार्बिटल होतं का? ते शरीरात टिकून राहतं, कुत्र्या-मांजराने उकरून खाल्लं तर त्यालाही विषबाधा होते. अशा वेळी दहन बरं. दहनात 'एकट्याचं' असं स्पष्ट सांगा आणि राख हाती लागेल का हे आधी विचारा. एवढ्या प्राण्याची राख जेमतेम चमचाभर होते, काही भट्ट्यांत ती वेगळी काढताच येत नाही.

---

गालपिशवी (धागाकर्ती)

मनापासून आभार, वेव्ह आणि लाल दिव्याचं आजच करते. केसांचं राहिलं. रेझिनचं लॉकेट करून देणारे बरेच दिसतात, घरी करता येईल का?

---

दोन_थेंब_हार्डनर

येतं, पण बट एकच असेल तर पहिला प्रयोग तिच्यावर नको. आधी जुन्या घरट्यात सापडलेल्या गळलेल्या केसांवर करून बघा.

केस पोटाचे किंवा मागच्या भागाचे, कात्रीने कापून. उपटले तर मुळाशी कातडीचे कण येतात आणि तेच किड्यांचं खाद्य. चिमूटभर पुरेत. त्या कोरड्या बटीला कागदी पाकिटात एक दिवस, मग बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन आठवडे. लोकर खाणाऱ्या भुंगेऱ्यांची अंडी असतील तर मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाही तर दंव धरून केस ओले होतात.

रेझिनमध्ये तीन गोष्टी बिघडतात. केसांत अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते. रेझिन केसांत मुरलं की रंग गडद होतो आणि सोनेरी केस ओले, तपकिरी दिसतात. ते परत फिरत नाही. आणि यूव्ही रेझिन वापरलं तर दाट बटीच्या आत दिव्याचा प्रकाश पोचत नाही, वरून कडक आणि आत चिकट राहतं. उपाय : सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद थोड्या पाण्यात पातळ करून केसांना लावा, पूर्ण सुकू द्या, मगच रेझिन, तेही एक-दोन मिमीच्या थरांनी. बट पातळ पसरून ठेवा, गुच्छ नको. इपॉक्सी रेझिन उन्हात पिवळं पडतं, तेव्हा खिडकीत टांगू नका. काम खेळत्या हवेत, हातमोजे घालून, आणि हॅमस्टर त्याच खोलीत नसताना.

स्पष्टच सांगायचं तर लॉकेट घालायचंच असेल तरच हा उद्योग. नाही तर बुचाची छोटी काचेची कुपी घ्या. केस तळाशी, वर सिलिका जेलची एक ग्रॅमची पुडी, बुचावर मेणाचा थर. रंग तसाच राहतो आणि कधी वाटलं तर बोटाने स्पर्शही करता येतो. रेझिनमधल्या केसांना पुन्हा हात लावता येत नाही, हे फार जणांना करून झाल्यावर सुचतं.

---

मातीकाम

कुपीला अनुमोदन. फक्त जेल आणि केस यांच्यात पातळ कागदाची चकती घाला, पुडी फुटली तर मणी केसांत मिसळतात.

---

तारीखवार

नोंदींचं कोणी लिहिलं नाही, म्हणून.

एका पानाचं आयुष्य लिहून काढा. वर्णन नको, मोजमाप. आणल्याची तारीख आणि त्या दिवशीचं अंदाजे वय. जन्मतारीख माहीत नसेल तर अमुक ते अमुक असा पट्टा लिहा, खोटी नेमकी तारीख लिहू नका. वजनाचे आकडे असतील तर आलेख. घरटं कुठल्या कोपऱ्यात, लघवीचा कोपरा कुठला, साठा कुठे, बियांच्या मिश्रणातून आधी काय उचलायची आणि काय शेवटपर्यंत तसंच राहायचं. या गोष्टी आत्ता इतक्या रोजच्या आहेत की लिहायचं सुचत नाही, आणि सहा महिन्यांनी आठवत नाहीत.

चाकाचं अंतरही काढता येतं. २८ सेंमी व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ८८ सेंमी. सायकलचा मीटर आणि चुंबक लावला असेल तर फेऱ्या गुणिले घेर : ६,००० फेऱ्या म्हणजे जवळपास सव्वापाच किलोमीटर. तरुण हॅमस्टर एका रात्रीत एवढं सहज पळतं. मीटर नसेल तर जुन्या व्हिडिओत मिनिटाला किती फेऱ्या होतात ते मोजा आणि अंदाज लिहा, अंदाज म्हणूनच.

वंशावळ हवी असेल तर आई-बाप माहीत नसले तरी मूळपुरुष माहीत आहे, म्हणजे मूळ-आई. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहारोनी यांनी सीरियात अलेप्पोजवळ शेतातल्या बिळातून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. आज घराघरांत असलेले बहुतेक सीरियन हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वंशज. मुलाच्या वहीत हे पान शोभेल.

फोटो : चॅट ॲपवरून साधे पाठवले की ते आकसतात आणि काढल्याची तारीख पुसली जाते. मूळ फाइल केबलने किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून काढा. नावात तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. एकाच लॅपटॉपच्या दोन फोल्डरांना दोन प्रती म्हणत नाहीत. छापील फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नका, तो चिकटा पिवळा पडतो आणि फोटो सुटत नाही.

व्हेटच्या पावत्या आणि रिपोर्ट हाताला गुळगुळीत लागत असतील तर तो थर्मल कागद, दोन-तीन वर्षांत कोरा होतो. आजच स्कॅन करा. जपायचा म्हणून गरम लॅमिनेशन केलंत तर सगळा कागद त्याच क्षणी काळा.

---

भुसा_बदला

दोन गोष्टी राहिल्या.

मूल : सात वर्षांच्या मुलाला 'मेली' हाच शब्द सांगा. 'झोपली' म्हटलं तर काही मुलं झोपायला घाबरतात, 'निघून गेली' म्हटलं तर वाट बघत बसतात. तसंच दिसणारं दुसरं हॅमस्टर गुपचूप आणून ठेवू नका. चालण्यावरून आणि चावण्यावरून मुलांना दोन दिवसांत कळतं. काम वाटून द्या : कागदाच्या पट्टीवर बी ठेवणं, पेटीवर नाव लिहिणं. शरीराला हात लावणं मोठ्यांनीच.

पिंजरा : रिकामा करायची घाई नको, पण आठवडेही ठेवू नका, साठ्यात किडे होतात. आधी बोगदे, घरटं आणि साठा आहे तसे फोटोत घ्या, काचेच्या बाजूने बोगद्यांचा छेद छान दिसतो. साठ्याचं वजन करायचं असेल तर आत्ताच. मग बेडिंगवर थोडं पाणी फवारून, धूळ न उडवता पिशवीत. लघवीचे पांढरे खडे व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून खरवडा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच त्यानंतरच : एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, खिडकी उघडी. लघवी किंवा व्हिनेगर उरलेलं असताना ब्लीच ओतलं तर विषारी वायू निघतो, म्हणून मधलं धुणं टाळू नका. लाकडी घर आणि पूल सच्छिद्र असतात, ब्लीच आत मुरतं आणि दुर्गंधही पुरता जात नाही. आठवण म्हणून एखादी कुरतडलेली वस्तू ठेवायची असेल तर ब्रशने झाडून, पिशवीत घालून केसांसारखीच दोन आठवडे फ्रीझरमध्ये. त्या थंडीने किडे मरतात, जंतू नाहीत. तेव्हा दात उमटलेली कड समोर येईल अशी बंद काचेत ठेवा, मुलाच्या हाती देऊ नका.